फुल वेल्डिंगच्या आधी

सांगलीकडच्या कुठल्याही नव्या घरात गेले की मी आधी ओटा बघते. त्या घरात भाकरी होते की नाही, आणि होत असेल तर ओटा बांधताना भाकरी करणारीला कुणी विचारलं होतं की नाही, हे तिथं लगेच कळतं. ओट्याची एक ठरून गेलेली उंची आहे, ३२ ते ३४ इंच. एवढ्या उंचीवर भाजी चिरता येते, कुकर लावता येतो, पोळीही लाटता येते. भाकरीचं मात्र अडतं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, तो तळहातानं रगडून रगडून आणावा लागतो. त्यासाठी खांद्यातला जोर सरळ खाली उतरायला हवा, कोपर जवळजवळ ताठ राहायला हवं. जमिनीवर बसून काटवटीत पीठ मळणाऱ्या बाईला हे आपोआप मिळायचं. ओटा आला, बाई उभी राहिली आणि परात पोटाच्याही वर गेली. मग कुणी पायाखाली पाट घेतं. कुणी परात फरशीवर घेऊन बसतं आणि तव्यापाशी उठबस करत राहतं. बऱ्याच घरांत भाकरी आधी रात्रीपुरती आणि मग आमटीच्या बेतापुरती उरते. गुडघे दुखतात म्हणून बंद केली, असं सांगतात. ओट्याचं नाव कुणी घेत नाही.

पलूसला माझ्या मावशीनं स्वयंपाकघर नवं करायला काढलं तेव्हा तिला गवंडी चांगला भेटला. त्यानं सिमेंट कालवायच्या आधी नुसत्या सुक्या विटा रचल्या, वर एक फळी टाकली आणि म्हणाला, "वैनी, परात आणा. पीठ घ्या वाईच."

"आत्ता?"

"आत्ताच. कडाप्पा बसल्यावर काय उपेग?"

मावशीनं त्या पसाऱ्यात, उघड्या भिंतींच्या मधोमध, खरोखर पीठ मळून दाखवलं. मग एक वीट कमी. पुन्हा मळलं. शेवटी गॅसच्या उजव्या हाताला दोन फुटांचा तुकडा एका विटेनं खाली उतरला आणि उरलेला ओटा होता तिथंच राहिला, कारण सूनबाई उंच आहेत आणि त्यांना पोळ्या वरच्याच बाजूला बऱ्या पडतात. काकांचं म्हणणं होतं की असा पायरीचा ओटा कुणाच्या घरात नसतो, दिसायला विचित्र दिसेल. दिसतोही थोडा. पण त्या घरात रोज भाकरी होते.

मी कुपवाडच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये ड्रॉइंग काढते. शेतीची अवजारं, ट्रॉल्या, बेदाण्याच्या शेडचे रॅक, फवारणीच्या ब्लोअरच्या फ्रेमा असलं आमचं काम. कॉलेजात शिकवलेल्या भाषेत मी डिझायनर. शॉपमध्ये 'ड्रॉइंगवाल्या मॅडम'. गवंड्यानं सुक्या विटांनी जे केलं ते आमच्याकडं टॅक मारून करतात. दोन अँगल जोडायचे असले तर मिस्त्री सगळा सांधा एकदम भरत नाही. टोकांना वेल्डिंगचा एकेक ठिपका देतो, तो टॅक. एवढ्यावर वस्तू उभी राहते, धरता येते, ओढता येते, थोडं वजनही पेलते. पण हातोड्याचा एक ठोका बसला की सुटते. फुल वेल्डिंग झाल्यावर ग्राइंडर लावून कापण्यावाचून गत्यंतर नसतं आणि एकदा कापलेला अँगल पुन्हा पूर्वीसारखा बसत नाही. म्हणून आमचे मिस्त्री गिऱ्हाइकाला फोन करतात ते "काम झालंय" सांगायला नाही, "टॅकवर हाय, येऊन बघून जावा" असं सांगायला.

नागजच्या बाजूचा एक शेडमालक बेदाण्याच्या क्रेटसाठी ट्रॉली करून घ्यायला आला होता. त्या पट्ट्यात उन्हाळ्याच्या तोंडाला सगळीकडं हिरव्या जाळीच्या शेड दिसतात. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायची आणि एकावर एक असलेल्या जाळ्यांवर पसरायची. पंधरवड्यात बेदाणा तयार होतो. रॅकच्या दोन ओळींमधली वाट अरुंद. क्रेट वाहायच्या बायकांनी, तेही दिवसभर. मालकानं मापं दिली, मी ड्रॉइंग काढलं: चार चाकं, पुढं ओढायचा दांडा, क्रेट घसरू नयेत म्हणून कडेला पट्टी. मिस्त्रींनी टॅकवर उभी केली आणि मालकाला म्हणाले, वापरणारं माणूस घेऊन या.

"आमच्या मावशीला आणू? तिला काय कळतंय ह्यातलं?"

"वडायची कुणी?"

"तिनंच की."

"मग?"

शेडवर क्रेट वाहणाऱ्या त्या मावशी आल्या. ट्रॉली शॉपच्या अंगणात ओढून बघितली, आणि म्हणाल्या, "चांगली हाय की." मालक समाधानानं माझ्याकडं बघायला लागला. मिस्त्रींनी त्याला चहाला टपरीवर पिटाळलं. तो वळणावर दिसेनासा झाल्यावर मावशींनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "खरं सांगू का? ही माझ्या टाचंवर येती." मग एकेक निघत गेलं. ओढायच्या ट्रॉलीत माणसाची पाठ क्रेटकडं असते, क्रेट पडला तरी कळत नाही. त्यापेक्षा मागून ढकलायची करा. चाकाचा बोल्ट बाहेर आलाय, त्यात लुगडं अडकेल. दांडा मला बरोबर आहे, पण माझ्याबरोबरची बाई माझ्या खांद्याएवढी, तिला तो छातीत बसेल.

मिस्त्रींनी दांड्याचा टॅक तिथल्या तिथं तोडला, दांडा मागं नेला, पाइपात पाइप घालून तीन भोकं पाडली आणि एक पिन दिली. बोल्ट उलटा बसवला. माझ्या ड्रॉइंगमधली चार चाकं आणि कडेची पट्टी तेवढी शिल्लक राहिली. मालक परत आला तेव्हा त्याला हे सगळं मिस्त्रींच्या डोक्यातनं निघालंय असं वाटलं, आणि मावशींनी त्याला तसंच वाटू दिलं.

त्या दिवसापासून माझ्या मनात दोन गोष्टी वेगळ्या पडल्या आहेत. वस्तू सुटी हवी, ही एक. ती वापरणाऱ्या माणसाला 'नाही' म्हणण्याची मुभा हवी, ही दुसरी. पहिलीसाठी हातोडा पुरतो. दुसरीसाठी मालकाला चहाला पाठवावं लागतं, आणि दर वेळी टपरी जवळ असतेच असं नाही.

असं सगळ्यांनी मिळून डिझाइन करण्यावर पुण्यात एकदा एका कार्यशाळेला गेले होते. भिंतभर रंगीत चिकटचिठ्ठ्या, प्रत्येकाच्या हातात स्केचपेन, 'कुठलीच कल्पना चुकीची नसते' असा फलक. दोन शेतकऱ्यांनाही मुद्दाम बोलावलं होतं. ते दिवसभर हातात पेन धरून बसले आणि त्यांच्या चिठ्ठ्या कोऱ्या राहिल्या. त्यांच्यापुढं मोडून बघावं असं काहीच ठेवलेलं नव्हतं. लिहून सल्ला द्यायचा म्हणजे मोकळ्या कागदावर आपलं अक्षर आणि आपली भाषा उघडी करायची. सुटा दांडा हातात आला असता तर ते दोघं थांबले नसते.

तिकडं बाहेर या पद्धतीची सुरुवात झाली ती चिठ्ठ्यांपासून नव्हे, कामगार संघटनांपासून. नॉर्वेतल्या लोखंड-धातू कामगारांच्या संघटनेनं १९७०च्या सुमाराला क्रिस्टेन नीगोर या संगणकतज्ज्ञाला बरोबर घेऊन, कारखान्यात येणारे संगणक कामगारांच्या बाजूनं समजून घ्यायचं काम हाती घेतलं. पुढं १९८१ ते १९८५ मध्ये स्वीडन-डेन्मार्कमधल्या छापखाना कामगारांनी संशोधकांबरोबर बसून पानं लावायची यंत्रणा कशी असावी हे ठरवायला घेतलं, तेव्हा त्यांना हवी तशी यंत्रं अजून हाताशी नव्हती. त्यांनी पुठ्ठ्याची खोकी मांडली. एका रिकाम्या खोक्यावर नुसतं 'लेझर प्रिंटर' लिहिलेलं होतं, आणि अनुभवी जुळारी, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणारे, त्याच्यापुढं उभे राहून आपलं काम करून दाखवत होते. पुठ्ठ्याचं खोकं म्हणजे त्यांचा टॅकच. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की जुळाऱ्यांच्या मागं संघटना होती. पुठ्ठा तर कुणीही आणतो.

आपल्याकडं डिझाइनचा विषय निघाला की हटकून लोट्याची गोष्ट येते. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारत सरकारच्या बोलावण्यावरून आलं. त्यांनी १९५८ साली दिलेल्या अहवालातून पुढं अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात लोट्याचं मोठं कौतुक आहे: डोक्यावर, कमरेवर कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, रिकामा आणि भरलेला कसा तोलतो. आणि असा लोटा कुणा एका माणसानं घडवला नाही, पिढ्यांनी घडवला, असं त्यांचं म्हणणं. कौतुक खरं आहे. तरी मला ते 'पिढ्यांनी' फार मोघम वाटतं. पिढ्या म्हणजे कोण? एखाद्या तांबटाच्या दारात लोटा परत घेऊन गेलेली आणि "काठ बोटाला लागतोय" म्हणालेली कुणीतरी बाई असणार. तांबटानं कुरकुरत का होईना, काठ वळवला असणार. पिढ्या म्हटलं की ही बाई दिसेनाशी होते आणि लोटा आपोआप सुधारत गेल्यासारखा वाटतो.

ती बाई आणि तो तांबट अजून बघायचे असतील तर मिरजेला जावं. माझ्या एका गाणाऱ्या मैत्रिणीला तानपुरा घ्यायचा होता म्हणून मी तिच्याबरोबर सतारमेकर गल्लीत गेले. मिरजेच्या तंतुवाद्यांचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगारांपासून धरतात. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, पॉलिश करणारे. तलवारींचं काम आटलं आणि ते हात वाद्यांकडं वळले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, तिथले शेतकरी ते मुद्दाम वाद्यांसाठी पिकवतात. भोपळा नीट वाळला पाहिजे, पुढं त्याला तुणीच्या लाकडाची दांडी आणि तबली, म्हणजे तोंडावरची पातळ फळी, बसते, कोरीव काम होतं, पॉलिश होतं. हे सगळं कारागीर एकटा करतो, गिऱ्हाइकाची गरज नसते. आम्ही गेलो तेव्हा तानपुरा दिसायला पूर्ण होता. आणि तरी तो अर्धवट होता, कारण त्याची जवारी व्हायची होती.

ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तार ज्या घोडीवरून जाते तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार दिलेला असतो. तार छेडली की ती त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकत कंप पावते आणि तानपुऱ्याचा तो भरलेला, अनेक स्वरांचा झंकार उठतो. हीच जवारी. उतार कानशीनं घासून आणायचा. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवायचा. तो केसभर पुढंमागं झाला की आवाज खुलतो किंवा मिटतो. खुली जवारी, बंद जवारी, गोल जवारी असे शब्द आहेत. पण कुणाला किती खुली हवी याचं माप कुठं लिहिलेलं नाही. ते समोर बसलेल्याच्या गळ्यात असतं.

कारागीर कानस मारायचे, तार चढवायचे, तानपुरा मैत्रिणीकडं द्यायचे. ती डोळे मिटून षड्ज लावायची.

"पंचम छान आहे. खर्ज बसल्यासारखा वाटतोय."

"बसलाय म्हणजे?"

"म्हणजे... माझ्या आवाजाच्या खालीच थांबतोय. वर यायला हवा."

या वाक्याचा अर्थ मला काहीही लागला नाही. त्यांना लागला. तार उतरवली, घोडीच्या खर्जाच्या बाजूला कानशीचे दोन-चार हात मारले, पुन्हा चढवली, धागा सरकवला. "आता?" असं दुपारभर चाललं. मधे एकदा त्यांनी सांगितलं की एवढी खुली केली तर आत्ता गोड लागेल, पण लवकर उतरेल. मधे एकदा ती म्हणाली की तुम्ही मगाशी केलं होतं तेच बरं होतं. त्यावर त्यांनी कपाळाला आठी घातली, कारण घासलेलं परत भरता येत नाही. मग धाग्यानं भागवलं. तिला कानस धरता येत नाही आणि ते मैफलीत गात नाहीत. त्या तानपुऱ्याचा आवाज या दोघांपैकी कुणा एकाला एकट्यानं काढता आला नसता. आणि तो कायमचा झालेला नाही. तारांनी घोडीवर चर पडतात, जवारी उतरते, वाद्य परत येतं, ती दोघं पुन्हा बसतात.

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आनंद आहेच. फक्त मानांकन वस्तूला मिळतं, दुपारभर समोर बसण्याला मिळत नाही. आता वाद्यं कुरिअरनं जातात आणि जवारी ऐकवायला व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवतात. फोनच्या स्पीकरमधून खर्ज कसा ऐकू येणार, हे मला कुणी समजावून सांगावं.

याच मिरजेत नामवंत गवई अब्दुल करीम खाँसाहेब स्थायिक झाले होते. दर्ग्यात त्यांच्या नावानं अजूनही गाणं होतं. आणि इथून जवळच, सांगलीत, कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर राहत होते. सप्तकातल्या बावीस श्रुती, म्हणजे स्वरांच्या बारीक जागा, नेमक्या कुठं असतात हे मोजायचा त्यांना ध्यास लागला होता. खाँसाहेबांनी गायचं आणि देवलांनी तारेवर मोजायचं, असा तो प्रयोग. देवलांनी १९१० साली निष्कर्ष छापले. ई. क्लेमंट्स हे आय.सी.एस. अधिकारी त्यांच्या जोडीला आले आणि बावीस श्रुतींची हार्मोनियम बनवण्याचं काम लंडनच्या मूर अँड मूर या कंपनीकडं गेलं. गवई, गणिती आणि कारखानदार एकत्र आलेले, एकत्र येऊन प्रयोग केलेला. कागदावर याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. १९१६ मध्ये बडोद्याच्या संगीत परिषदेत ती पेटी मांडली गेली, आणि तिथल्या गवयांना ती पटली नाही. आज तिचा मागमूस फक्त अभ्यासकांच्या लिखाणात आहे.

का चालली नाही याची शास्त्रीय कारणं जाणकार सांगतील. माझ्या फॅब्रिकेशनच्या डोक्यात येतं ते असं की त्या पेटीला टॅकची अवस्थाच नव्हती. गळा मोजला सांगलीत, पट्ट्या बसल्या लंडनमध्ये. गवई म्हणाला "हा गंधार जरा उतरवा", तर कानस घेऊन समोर बसलेलं कुणी नाही. श्रुती रागागणिक हलते असं गवई म्हणतात. पेटीत ती एकदा ठोकून बसवलेली.

लगेच कुणी म्हणेल की साधी पेटीही तशीच ठोकलेली असते, आणि ती तर गावोगावच्या भजनी मंडळात आहे. बरोबर आहे, आणि हा मुद्दा मला बरेच दिवस सतावत होता. पण साध्या पेटीचा इतिहास बघा. युरोपातून आली ती खुर्चीवर बसून, पायांनी भाता मारून वाजवायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांसाठी केली, भाता हाताशी आणला. पुढं प्रत्येक गाणाऱ्याचा षड्ज वेगळा म्हणून पट्ट्यांचा अख्खा संच सरकवता येणारी स्केल चेंजर आली. स्वर जसेच्या तसे राहिले, पण बसणं, हात आणि सूर लावण्याची सोय बदलली. वाजवणाऱ्यांना जिथं रोज अडत होतं तिथं पेटी सुटी झाली. देवल-क्लेमंट्सनी तिचा सगळ्यात अवघड सांधा सोडवायला घेतला आणि तोच सगळ्यात पक्का जोडला. देवलांबद्दल मला आदर आहे. गवयाच्या गळ्याला प्रमाण मानून मोजायला बसलेला सरकारी अधिकारी त्या काळात किती जणांनी बघितला असेल?

किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची गोष्ट आमच्या जिल्ह्यात शाळेतच कळते. १९०३ मध्ये बेळगावात नांगर तयार झाला, लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी घेईनात, पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं गेली. मग १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी वसली आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ही गोष्ट नेहमी अडाणी शेतकरी आणि चिकाटीचा कारखानदार अशी सांगतात. चिकाटी होतीच. पण एका हंगामाचं पोट ज्या अवजारावर अवलंबून आहे ते दोन वर्षं दुरून बघणारा शेतकरी मला अडाणी वाटत नाही. त्याच्याकडं टॅकवर बघायची दुसरी कुठली सोय होती? शेजाऱ्याचं रान हीच त्याची चाचणी.

'नाही' म्हणायची मुभा माणसाला कुठून मिळते, याचं उत्तर मला खानापूर तालुक्यात मिळालं. येरळा नदीवर, बलवडी आणि तांदुळवाडीच्या मधे, बळीराजा स्मृती धरण आहे. छोटंसं आहे; मोठी धरणं बघितलेल्या माणसाला बंधाराच वाटेल. ऐंशीच्या दशकात हा भाग दुष्काळानं पोळलेला होता. १९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार गावोगाव होते. मुक्ती संघर्ष चळवळ, भारत पाटणकर आणि त्यांचे सहकारी लोकांबरोबर बसून दुष्काळाचा हिशेब मांडत होते. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. लोकांनी तो उपसा अडवला आणि म्हणाले, वाळू आमच्या नदीची, तीच थोडी आम्ही विकतो आणि त्या पैशातून बांध घालतो. अभियंते आले, विज्ञान चळवळीतली मंडळी आली, विद्यार्थी श्रमाला आले. सरकारशी भांडण झालं ते वेगळंच.

भिंत कुठं घालायची आणि किती उंच, हे अभियंत्यांचं काम होतं. मला त्या भिंतीपेक्षा पाणी वाटायचा नियम मोठा वाटतो. आपल्याकडं पाणी जमिनीच्या मागं जातं: ज्याचं रान जास्त त्याचं पाणी जास्त, आणि ज्याला रान नाही त्याला पाणीही नाही. इथं ठरलं की वाटा कुटुंबाला, आणि भूमिहीन कुटुंबालाही तेवढाच. भूमिहीनानं पाण्याचं काय करायचं, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणारच. तो ते पाणी घेऊन दुसऱ्याचं रान वाट्यानं करू शकतो. म्हणजे जमीनवाल्याच्या ओट्यावर तो रिकाम्या हातानं जात नाही. आणि हे पाणी उसाला द्यायचं नाही, हेही ठरलं. सांगली जिल्ह्यात, चोहीकडं कारखान्यांची धुराडी दिसत असताना, उसाला पाणी नाही म्हणणं म्हणजे काय हे इथल्यालाच कळेल.

बेदाण्याच्या शेडमधल्या मावशींना मालक चहाला जाईपर्यंत थांबावं लागलं. पाण्याचा वाटा नावावर असलेल्या बाईला कदाचित थांबावं लागणार नाही. पुढं आटपाडीच्या पाणी परिषदा, नागनाथअण्णा नायकवडी, समन्यायी वाटपाचा आग्रह आणि बंद पाइपलाइनची मागणी या सगळ्यांत बलवडीच्या त्या छोट्या बंधाऱ्याचा विचार खाली वाहत राहिला आहे, असं माझं मत. आज तिथं सगळं आदर्श चाललंय असा माझा दावा नाही. नियमालाही चर पडतात आणि जवारी पुन्हा काढावी लागते, ती कोण काढतंय हे बघायला हवं.

शहरातलं एक उदाहरण सांगते आणि मग मुद्द्याकडं येते. पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की विचारतात, "आयर्विनला किती?" आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी मोजतात, चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. हे सरकारी आकडे. पण तीस-बत्तिसाच्या आसपास सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटातल्या लोकांनी सामान बांधायला घ्यायचं, अमक्या फुटाला तमकी गल्ली, तमक्याला आमच्या जिन्याची तिसरी पायरी, ही सगळी कोष्टकं लोकांनी बनवली आहेत. २०१९ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि सगळ्यांची कोष्टकं एका आठवड्यात जुनी झाली. त्यानंतर गावभागात इलेक्ट्रिशियनांनी स्विचबोर्ड छातीएवढे वर घेतले, मीटर जिन्यावर नेले, कुणी फ्रिजखाली लोखंडी स्टँड करून घेतला. स्टँड आमच्याकडंही होत होते. एका आजोबांनी स्टँडला चाकं नकोत म्हणून सांगितलं. का, तर पाण्यात फ्रिज तरंगत फिरतो आणि दार अडवतो. हे कुठल्या ड्रॉइंगमध्ये सुचणार?

मुद्दा असा की आमच्या शॉपमध्येच टॅक आता कमी होत चाललाय. मी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढते, फाइल लेझर कटिंगवाल्याकडं जाते, भाग मिलिमीटरला बरोबर कापून, भोकं पाडून, वाकवून येतात. एकमेकांत असे बसतात की मिस्त्रींना विचार करायला जागा राहत नाही. काम चौपट वेगानं होतं आणि स्वस्त पडतं, याबद्दल तक्रार करायचं कारण नाही. मलाही पगार त्यातूनच मिळतो. पण दांडा आता पुढून मागं नेता येत नाही. बदल सुचलाच तर तो पुढच्या पन्नास नगांमध्ये येतो, आणि ज्यानं सुचवला त्याला त्याची जुनीच ट्रॉली ओढावी लागते.

मिस्त्रींचं आणि माझं ठरलंय की प्रत्येक नव्या वस्तूचा पहिला नग लेझरवर पाठवायचा नाही, हातानं कापून टॅकवर उभा करायचा आणि वापरणाऱ्याला एक दिवस द्यायचा. मालकानं साइटवर नेऊन दिवसभर वापरून बघावा, मोडला तरी चालेल. शॉपच्या शेठना कल्पना पटली, त्यांचा प्रश्न एवढाच की त्या दिवसाचे पैसे कोण देणार. मी म्हटलं, कोटेशनमध्ये वेगळी ओळ घालू: 'टॅक चाचणी, एक दिवस'. गिऱ्हाइकाला कळेल की आपण कशाचे पैसे घेतो. शेठ म्हणाले, घाला. आमचे अकाउंटंट हिशेबाला पक्के. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, चष्मा वर केला आणि विचारलं, की ही वस्तू धरायची का सेवा, आणि जीएसटीला कोड कुठला लावायचा. सध्या तिथंच अडलंय.